दाराजवळची जागा

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील निपाणीतल्या एका लहानशा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि छपाईत वाया गेलेली पत्रकं घरी आणायचे. एका बाजूनं ती कोरी असायची. तीच माझी वही. सीमाप्रश्नाची सभा, नगरपालिकेची निवडणूक, विडी कामगारांचा मोर्चा, असलं सगळं मागून उमटलेलं असायचं आणि पुढच्या बाजूला मी बेरजा करायची. विसाव्या वर्षी मी स्वतः पत्रकं लिहायला लागले. ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. विडी वळणाऱ्या आणि तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बाया संघटित होत होत्या, आणि युनियनच्या कचेरीतल्या सतरंजीवर बसून मी कागदामागून कागद भरत होते. शेवटी तीन उद्गारचिन्हं टाकल्याशिवाय मला पेन खाली ठेववत नसे.

आई वखारीत कामाला होती. वखार म्हणजे दगडी भिंतींची, पत्र्याच्या छपराची लांबच लांब खोली. बाया रांगेनं बसून तंबाखू बडवायच्या, चाळायच्या, काड्या निवडायच्या. रस्त्याच्या बाजूला एकच मोठं दार. मागच्या भिंतीला वर झरोके होते, पण वाऱ्यानं माल उडतो म्हणून त्यांच्यावर कायमची पोती ठोकलेली. बडवताना जी बारीक पूड उडते तिला खकाणा म्हणतात. नाकातोंडाला पदर बांधला तरी तो घशात उतरतोच. नवी बाई पहिले आठ दिवस ओकते. जुनी बाई गुळाचा खडा गालात धरते आणि खोकत राहते.

दाराजवळच्या बाईला वारा लागतो. आत आत जावं तसा खकाणा दाट होत जातो, आणि मागच्या भिंतीपाशी भर दुपारीही समोरचीचं तोंड नीट दिसत नाही.

जागा ठरलेल्या होत्या. प्रत्येकीचं आपलं तरट, ते आपल्या जागी अंथरायचं, दुसरीच्या तरटावर पाय द्यायचा नाही. सासू थकली की सुनेला घेऊन यायची आणि आपल्या हातानं तरट अंथरून तिला बसवायची. सून नसली तर लेकीला. आईची जागा दारापासून पहिली. मागच्या भिंतीला बसणाऱ्या सगळ्या बाया बौद्ध गल्लीतल्या, आणि त्यांच्याही जागा त्यांच्या सासवांकडून आलेल्या. वखारीत त्यांना कुणी जातीवरून हाक मारत नसे. त्यांना 'आतल्या' म्हणायचे. "आतल्यांस्नी पाणी वत गं." "आतल्यांचं चाळून झालं काय?" हा शब्द कुठल्याही कायद्यात सापडणार नाही, म्हणूनच तो इतका सोयीचा होता.

त्या आतल्यांपैकी एक बाई एका संध्याकाळी युनियनच्या कचेरीत आली. पस्तिशीची, नवरा वारलेला, एक मुलगी सातवीत. बोलताना छातीतून भात्यासारखा आवाज यायचा. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, मोकळ्या हवेत काम कर, नाहीतर काम सोड.

"काम सोडलं तर माझ्या तरटावर पोरगीला बसवाय लागतंय," ती म्हणाली. "न्हाय सोडलं तर मी मरतो, मग बी पोरगीच बसती. कुठनं बी धरा, शेवटाला पोरगीच. मला दाराजवळ बसाय मिळालं तर दोघी वाचतोय."

युनियनचं काम बघणारे अण्णा तिथं होते. पन्नाशीचे, तुरुंग बघितलेले, स्वतःच्या चहात दुसऱ्याला अर्धा देणारे. ते मला म्हणाले, "यावर पथनाट्य लिही. बायका वाचत नाहीत, बघतील."

मी एका बैठकीत लिहिलं. पोटाला उशी बांधलेला मालक, हातात छडी, तोंडात पान. शेवटी सगळ्या बाया मुठी आवळून त्याला घेरतात. वखारीच्या अंगणात, जेवणाच्या सुट्टीत, मी आणि विडी वळणाऱ्या माझ्या दोन मैत्रिणींनी ते केलं. बाया हसून हसून लोळल्या. उशी खाली घसरली तेव्हा आईनं तर डोळे पुसले.

नाटक संपल्यावर ती बाई माझ्यापाशी आली. "लई झ्याक झालं गं बाई. मालक तर अक्षी मालकच. पर उद्या मी कुठं बसू?"

ती वाट बघत उभी होती, थट्टा करत नव्हती. तिला खरंच वाटलं होतं की नाटकात पुढं ते येणार असेल आणि तिला कळलं नसेल.

मी वखारीच्या दिवाणजीकडं गेले. मालकाच्या वतीनं सगळा कारभार तोच बघायचा. कानावर पेन्सिल, डोक्यावर टोपी. तो म्हणाला, "बायकांचं बायकांनी बघावं. मी कुनाला हितं बस, तितं बस, असं म्हनलंय काय? इचार तुझ्या आईला."

खोटं बोलत नव्हता तो. मालकानं कुणाला कुठं बसवलंच नव्हतं. एकच दार उघडं ठेवून तो घरी गेला होता. बाकीचं आमचं आम्ही केलं होतं. आणि मी जिला त्याच्या नावानं मुठी आवळायला लावत होते ती माझी आई त्या एका दारात बसली होती.

मी अण्णांना म्हटलं, दुसरं नाटक करायचं, जागेवर.

"बायका-बायकांत भांडण लावू नकोस," अण्णा म्हणाले. "झरोके उघडा, ही मागणी करू. सगळ्यांचाच फायदा."

"ते कधी उघडणार?"

"लढा आहे. वेळ लागतो."

"तिला वेळ न्हाय, अण्णा."

"आत्ता जातीचं काढलंस तर युनियन फुटंल, पोरी."

"एवढ्यानं फुटत असंल तर ती एक झालीच न्हवती."

त्यांनी चष्मा काढून पुसला. रागावले की ते तसं करायचे. मग म्हणाले, "युनियनच्या नावावर करायचं नाही." मी म्हटलं, बिननावाचं करते.

दुसऱ्या नाटकासाठी आम्ही अंगणात चुन्याच्या फक्कीनं वखार आखली. दार, भिंती, रांगा. आत खरी तरटं अंथरली. दाराजवळच्या तरटावर मी, मागच्या भिंतीला एक मैत्रीण. आतली जागा मागते, दाराजवळची नाही म्हणते, आणि मग आतली एक भाषण करते. भाषण दोन पानांचं होतं. ते लिहिताना मला रडू आलं होतं.

मैत्रिणीनं "शोषित भगिनींनो" म्हटलं मात्र, रांगेतली एक म्हातारी कन्नड बाई हात हलवून ओरडली, "ए, कूतको, कूतको!" खाली बसवायला निघालीच ती तिला. मग आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आतली असं बोलती व्हय गं? एवढं बोलली तर खोकून मरंल की ती!"

सगळं अंगण हसलं. माझं डोकं तापलं. मी उभी राहून म्हटलं, "मग तुमी या आन् दाखवा."

मला वाटलं होतं ती लाजून पदरात तोंड लपवेल. ती आली. माझ्या मैत्रिणीला कोपरानं बाजूला सारलं, तरटावर बसली, माझ्याकडं मान वर करून बघितलं, दोनदा खोकली आणि म्हणाली, "आक्का, जरा सरकता काय?"

बस, एवढंच. माझ्या दोन पानांत हे वाक्य नव्हतं. आणि त्याला द्यायचं उत्तरही नव्हतं. मग आई जे म्हणते तेच माझ्या तोंडून गेलं. डावा हात गुडघ्यावर, गालात गूळ असल्यासारखी जीभ फिरवून मी म्हणाले, "माझ्या सासूची जागा हाय ती."

पन्नास माना एकदम आईकडं वळल्या.

आई उठली. "माझं सोंग काढतीस व्हय गं? ऊठ. ऊठ म्हनतो न्हवं! मीच बसतो तितं. बघू कोन उठवतंय ते."

मला उठावं लागलं. ती दारात बसली, लुगडं नीट केलं, पाठ ताठ. कुणीतरी मागून ओरडलं, "आता आतली बी खरीच आना!" आणि ती बाई, छातीत घरघर घेऊन, फक्की ओलांडून आली. म्हातारीनं तिला जागा करून दिली. मी हातात कागद धरून रेघेच्या बाहेर उभी होते. मला काही काम उरलं नव्हतं.

"आक्का, जरा सरकतीस काय?" ती म्हणाली.

"आक्काला 'तू' म्हनती बघा!" रांगेतली एक किंचाळली.

"नाटक हाय," ती तिकडं न बघता म्हणाली. वखारीत ती आईला नेहमी 'तुमी' म्हणायची.

आई म्हणाली, "सरकून सरकून कुठं जाऊ? रस्त्यावर?"

"मग तू माझ्या जाग्यावर ये. मी तितं बसतो."

"का म्हनून? माझ्या सासूनं तीस वर्सं खकाणा खाल्ला हितं."

"तुझ्या सासूनं दारात बसून खाल्ला. माझ्या सासूनं भिंतीला बसून खाल्ला. माझी आदी मेली."

हसणं थांबलं. मग एक एक बाई उठायला लागली. एक म्हणाली, दिवाणजीकडं जा, आणि दुसरीनं लगेच काडी कानावर खोचून त्याचा आवाज काढला, "बायकांचं बायकांनी बघावं!" खरा दिवाणजी वखारीच्या दारात उभा राहून बघत होता. त्यालाही हसावं लागलं. तिसरी म्हणाली, पाळी लावा, दर सोमवारी एक एक तरट पुढं सरकायचं आणि दारातलीनं मागं भिंतीला जायचं.

मधल्या रांगेतली एक बाई चटकन बोलली, "म्हंजी मी आत जायचं? मी न्हाय बाई. आतल्यांच्या जाग्यावर आमी बसायचं व्हय?"

इतकी वर्षं जे आम्ही सगळे 'ठरलेलं हाय' म्हणून झाकत होतो ते तिनं भर अंगणात ठेवलं. माझी पत्रकं तिच्या तोंडून हे काढू शकली नव्हती. मी तिच्यावर चिडले नाही. मला वाटलं, आता कुठं नाटक सुरू झालं.

"बसायचं की," ती आतली बाई म्हणाली. "मी रोज बसतो न्हवं? माझ्या अंगाला काय फुटलंय?" मग ती पुन्हा आईकडं वळली. "जागा सासूची सुनंला, आईची लेकीला. बरोबर हाय न्हवं?"

"बरोबर हाय."

"माझ्यामागं माझी लेक भिंतीला बसंल. तुझ्यामागं तुझ्या जाग्यावर कोन बसनार?"

आईनं माझ्याकडं बघितलं. "कोन बसनार? माझी तर हितं नाटकं करत फिरती, बघ की."

बाया पुन्हा हसल्या. आईही हसली. ती बाई हसली नाही.

"तुझ्या लेकीनं वखार सोडली, आक्का. माझ्या लेकीनं कवा सोडायची?"

आई तरटाची किनार चिमटीत धरून उसवायला लागली. बाजारात, पाण्यावर, वडिलांपुढं, सगळीकडं शेवटचा शब्द तिचाच असायचा. मग ती उठली, लुगड्यावरची फक्की झटकली आणि आत निघून गेली. सुट्टी संपली म्हणून दिवाणजी ओरडला.

त्या संध्याकाळी आई भाकरी थापताना एकदम म्हणाली, "कितवीला हाय तिची पोरगी?"

"सातवीला."

"हुशार हाय?"

"नसली तर? हुशार नसली तर खकाणा खायचा काय तिनं?"

"तुझ्या तोंडाला लागन्यात अर्थ न्हाय," आई म्हणाली आणि भाकरी तव्यावर जरा जोरातच टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वखारीत काय झालं ते मी बघितलं नाही. मला ते दोघींनी दोन प्रकारे सांगितलं.

ती बाई म्हणते, ती दार उघडायच्या आधीच येऊन थांबली होती. दार उघडताच तिनं आईच्या जागी आपलं तरट अंथरलं आणि बसली. आई आली. ऊठ म्हणाली. ती उठली नाही. आई बराच वेळ तिच्या डोक्यावर उभी राहिली आणि शेवटी आपलं तरट घेऊन दोन बायांच्या पलीकडं बसली.

आई म्हणते, मी ऊठ म्हटलंच नाही. मी तिला म्हटलं, बस.

एका गोष्टीवर मात्र दोघी सारख्याच बोलतात. दिवाणजी आला, आतलीला दारात बघून त्याचा चेहरा बदलला, आणि तो म्हणाला, "हे काय चाललंय? जा आपल्या जाग्यावर." तेव्हा आईच त्याला म्हणाली, "तुमीच सांगितलं न्हवं, बायकांचं बायकांनी बघावं? बघितलं आमी. तुमी तुमचं बघा."

मी त्या बाईचं खरं मानते. आईला मी ओळखते. तिनं ऊठ म्हटलं असणार, आणि ती न उठल्यावरच आईला काय करायचं ते सुचलं असणार. हे मी आईच्या तोंडावर सांगितलं आहे. तिनं मला दोन दिवस जेवायला वाढताना शिव्या दिल्या.

यानंतर वखारीत सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही. दाराजवळच्या दोन बायांनी आपली तरटं त्या बाईपासून हातभर लांब ओढली. एक तर वखार सोडून दुसऱ्या वखारीत गेली, जाताना आईला म्हणाली, "तुझ्या पोरीनं नासवलं सगळं." आतल्यांच्या ओंजळीत पाणी अजून वरूनच ओतलं जात होतं. आई अजून त्या बाईच्या घरी जेवलेली नाही, आणि हा आमच्या घरातला रोजचा वाद आहे. सोमवारच्या पाळीचं कुणी पुन्हा नाव काढलं नाही. भिंतीला बाकीच्या आतल्या होत्या तिथंच होत्या. फक्त एक तरट हललं होतं.

अण्णांनी बोलावलं. म्हणाले, "दाराजवळच्या त्या दोघींनी सभासदत्व सोडलं. बघितलंस?"

"बघितलं."

"त्यांना परत आणायचं म्हणजे किती दिवस जातील?"

"अण्णा, त्या आपल्यात होत्या तवा आतल्या कुठं बसत होत्या, हे आपन एकदा तरी बघितलं होतं काय?"

त्यांनी चष्मा काढला. माझी पत्रकं काही महिने बंद झाली. मी नाटक बंद केलं नाही. आम्ही दुसऱ्या वखारींत गेलो, एकदा बेळगावला शहापुरात हातमागाच्या एका कारखान्यात गेलो. तिथल्या पुरुषांनी सांगितलं की आमच्याकडं असलं काही नाही, आणि अर्ध्या तासात आपसांत भांडायला लागले. भाषण मी पुन्हा कधी लिहिलं नाही. नियम एकच ठेवला: ज्याला पटत नाही त्यानं रेघेच्या आत यायचं आणि करून दाखवायचं. पुढं शहरातल्या एका शिबिरात कुणीतरी मला सांगितलं की परदेशात अशा नाटकाला नाव आहे, ते शिकवलंही जातं, कचेऱ्यांत आणि कारखान्यांत करवून घेतलं जातं. असेल. आम्हाला ते एका कन्नड म्हातारीनं शिकवलं, तेही मला गप्प बसवण्यासाठी. मी तर चिडून तिला बोलावलं होतं.

अण्णा वर्षभरानं स्वतः आले. म्हणाले, तालुक्याच्या मेळाव्यात ते नाटक कर, फक्त 'आतली' ऐवजी 'गरीब बाई' म्हण. मी नाही म्हणाले. ते म्हणाले, हट्ट सोड. मी म्हटलं, तिथं बसलेल्या सगळ्याच गरीब होत्या, अण्णा, दारातलीसुद्धा. मग ते नाटक मेळाव्यात झालं नाही. मला त्याची खंत नाही.

ती बाई अजून दाराजवळ बसते. छातीतला आवाज गेला नाही. जे आत साठलं ते साठलं. पण चढावर थांबावं लागत नाही आणि रात्री बसून काढाव्या लागत नाहीत, असं ती सांगते. तिची मुलगी गेल्या साली एसएसएलसीला, म्हणजे दहावीच्या परीक्षेला, बसली आणि गणितात नापास झाली. गल्लीतल्या शहाण्यांनी लगेच म्हणून घेतलं, एवढं करून काय उपयोग झाला? मी त्या मुलीला विचारलं, आता काय करणार? ती म्हणाली, "परत बसनार. परत नापास झालो तर परत बसनार." आणि चप्पल अडकवून शिकवणीला गेली. वखारीच्या मागच्या भिंतीला तिच्या आईचं रिकामं झालेलं तरटभर ठिकाण आहे. त्यावर तिला बसवायला अजून कुणी बोलावलेलं नाही. आईची जागा लेकीला, आणि तिच्या आईची जागा आता दारात आहे; मुलीला बसवायचं तर आधी आईला दारातून उठवावं लागेल, आणि ती उठणार नाही.